८ मार्चचा स्वयंपाक कोण करणार (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व भगिनींना नमस्कार. रविवार ८ मार्च सायं. ६ वा. क्लबहाउसमध्ये महिला दिन. ड्रेसकोड जांभळी साडी. उखाणे, संगीत खुर्ची, विजेतीला सेमी पैठणी. प्रत्येक घरातील महिलांनी १५ जणांना पुरेल असा एक पदार्थ करून आणावा, रांगोळी सी विंगच्या ताईंकडे.

सुनीता (बी-३०४): म्हणजे दिवस आमचा, दुपारभर गॅससमोर आम्हीच उभं राहायचं, मग घाम पुसून साडी नेसून सहाला हजर, वर रांगोळी पण आमचीच. वा काका

निखिल (सी-५०२): पुरुष दिन कधी असतो हो

सुनीता: १९ नोव्हेंबर. पोहे तुम्हीच करा त्या दिवशी

डॉ. मृणाल (बी-७०१): मी रशियात एमबीबीएसला होते तिथे ८ मार्चला अख्ख्या देशाला सुट्टी असते, १९६६ पासून, आणि यंदासारखा रविवार आला तर बदली सोमवारी सुट्टी देतात. रस्त्यात जो पुरुष दिसेल त्याच्या हातात ट्युलिप नाहीतर पिवळा मिमोसा. पहिल्या वर्षी मी हॉस्टेलच्या आजीबाईंना १० ट्युलिपचा गुच्छ नेला, त्यांनी काही न बोलता एक फूल काढून वेगळ्या ग्लासात ठेवलं. नंतर मैत्रिणीने सांगितलं की सम संख्येत फुलं तिकडे मयताला नेतात

लीलाताई (ए-४०२): अगंबाई. आपल्याकडे आहेर १०१ चा करतात तसंच की मग

मृणाल: हो काकू अगदी तसंच. पण खरं सांगू का, सकाळी फुलं घेऊन दुपारी ऑलिव्हिए सॅलडचे बटाटे सोलायला आजीबाईच बसल्या होत्या

सुनीता: बघा

प्रभाकरकाका (ए-६०३): मर्चंट नेव्हीत होतो तेव्हा एकदा इटलीत जेनोआला ८ मार्च आला. सगळ्या गावात ती मिमोसाची पिवळी गोंड्यासारखी फुलं, आपल्या बाभळीच्याच कुळातलं झाड आहे ते, फूल पाहिलं की लगेच ओळखू येतं. १९४६ ला तिथल्या तेरेसा मात्तेई वगैरे पुढारी बायकांनी या दिवसासाठी मुद्दाम निवडलं कारण व्हायोलेटची फुलं महाग पडायची आणि लढाई नुकतीच संपलेली, लोकांकडे पैसा नाही, मिमोसा मार्चमध्ये रानात फुकट फुलतो. आता तिथेही त्याचे भाव चढतात म्हणा त्या दिवशी.

प्रभाकरकाका: आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची गंमत. ९ ऑगस्टला बोट लागली तर ऑफिसं बंद. मला वाटलं यांना आपला क्रांतिदिन कसा काय माहीत. तर त्यांचा तो महिला दिन निघाला. १९५६ साली २०,००० बायका प्रिटोरियाला सरकारी कचेरीवर गेल्या, काळ्या लोकांना पास म्हणजे फिरण्याचा परवाना सतत जवळ बाळगायची सक्ती होती ती बायकांवरही लादत होते म्हणून. पाठीला पोरं बांधलेली, काही जणी तर ज्या गोऱ्या बाईकडे कामाला त्यांचीच पोरं घेऊन आलेल्या. पंतप्रधान भेटलाच नाही. दाराशी सह्यांचे गठ्ठे ठेवले आणि अर्धा तास सगळ्या गप्प उभ्या राहिल्या. पुढे चौघी होत्या त्यात रहिमा मूसा ही भारतीय वंशाची. गाणं होतं त्यांचं, बाईला हात लावलात तर इम्बोकोडोला हात लावलात. इम्बोकोडो म्हणजे आपला वरवंटा समजा

लीलाताई: वरवंटा! काय छान. २०,००० बायका गप्प, आपल्या हळदीकुंकवाला ३० जणी गप्प बसत नाहीत

शुभांगी (सी-२०१): मुलगी बर्लिनला असते. तिथे २०१९ पासून ८ मार्चची सुट्टी आहे, पण सगळ्यांना, फक्त बायकांना नाही. जावई दिवसभर लोळत होता म्हणाली. चीनमध्ये बायकांना अर्धा दिवस मिळतो ना?

मृणाल: हो, १९४९ पासूनचा नियम आहे तो

लीलाताई: मी बँकेत युनियनचं काम करायचे तेव्हा आम्ही आइसलँडचा किस्सा सगळ्यांना सांगायचो. २४ ऑक्टोबर १९७५. तिथल्या बायकांनी ठरवलं, आज काहीच करायचं नाही. ना नोकरी ना स्वयंपाक ना मुलं. संप म्हटलं असतं तर बऱ्याच जणी घाबरल्या असत्या, म्हणून नाव दिलं सुट्टीचा दिवस. ९० टक्के बायका सामील. पुरुष मुलांना घेऊन ऑफिसात, रेडिओवर बातम्या चालू असताना मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, आणि दुकानांतले सॉसेज संपले कारण बहुतेक बापांना तेवढंच शिजवता येत होतं. पुढच्या वर्षी स्त्री-पुरुष समानतेचा कायदा आला, १९८० ला विगदिस फिनबोगादोत्तिर ही बाई राष्ट्राध्यक्ष. फूलबिल कोणी कोणाला दिलं नव्हतं.

निखिल: पण काकू ८ मार्चचा मूळ उद्देश सेलिब्रेशनच ना?

लीलाताई: नाही रे बाळा. १९१७ ला रशियातल्या पेट्रोग्राडच्या गिरणीतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या तो हा दिवस, त्यांच्या जुन्या कॅलेंडरने २३ फेब्रुवारी. आठवड्याभरात झार गेला. त्याच्या आधी जर्मनीच्या क्लारा झेटकिनने १९१० ला कोपनहेगनच्या समाजवादी बायकांच्या परिषदेत मागणी केली होती की दरवर्षी असा दिवस हवा. पैठणी नंतर आली

सेक्रेटरी: चर्चा उद्बोधक. यंदा रविवारच आहे त्यामुळे सुट्टीचा प्रश्न उद्भवत नाही.

सुनीता: रविवारी सुट्टी कोणाला असते काका? माझ्याकडे त्या दिवशी तीनदा जास्तीचा चहा होतो

लीलाताई: आणि जिने पुसणाऱ्या मावशींना? त्या रविवारीही येतात. सोमवारी त्यांना भरपगारी सुट्टी द्या, जिने एक दिवस आपण पुसू

(बराच वेळ कोणी लिहीत नाही)

ट्रेझरर (सी-१०४): पाण्याचा टँकर आज ४ ला येईल, व्हॉल्व्ह बंद ठेवा

लीलाताई: मी वाट बघतेय

सेक्रेटरी: मावशींचा विषय कमिटी मीटिंगमध्ये घेऊ. पदार्थांची सूचना मागे घेतो. पुरुषांनी मिसळ करावी असं सुचवतो.

शुभांगी: सोमवारचे आमच्या विंगचे जिने मी आणि हे पुसतो. ह्यांना अजून सांगितलेलं नाही

निखिल: ८० जणांना मटकी किती लागते कोणी सांगेल का, आणि भिजवायची कधी

सुनीता: गूगल कर. आणि फरसाण आजच आणून ठेव, आइसलँडसारखं व्हायला नको