पारा शून्यावर नाही, तरी हिमकण खरे

वर्षअखेरीस महाबळेश्वरला होणाऱ्या गर्दीबद्दल तुमच्याशी सहमत, वाटेतल्या पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत वर्ष संपवण्यात कसली आलीय मजा! पण ‘पारा शून्याला टेकत नाही, म्हणजे महाबळेश्वरचे हिमकण ही हॉटेलवाल्यांची जाहिरात’ हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. हवामानवाले तापमान मोजतात ते जमिनीपासून चारेक फुटांवर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत-पानं उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही गार पडतात. शिवाय जड थंड हवा वेण्णा लेकच्या सखल भागात साचते. त्यामुळे बाजारपेठेत नुसती हुडहुडी असते, तेव्हा तिकडे स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांवर गोठलेल्या दवाचा, पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर दिसतो.

आम्ही सातारकर नाताळची सुट्टी सरल्यावर मेढ्यावरून, केळघर घाटाने जातो. उजाडायच्या आत पोचा, ऊन आलं की सगळं पाणी. आणि आभाळ असेल तर सरळ गोधडीत पडून राहा.