'ने' म्हणजे हो, नाही, की काय?

'ने' या एका अक्षरावर हा धागा. मराठीत 'चाकूने काप' म्हटलं की तो प्रत्यय, 'डबा ने' म्हटलं की क्रियापद. बाहेर पडलं की हेच अक्षर कुठे होकार, कुठे नकार, कुठे प्रश्न. तुमच्या रोजच्या वापरातल्या भाषेत 'ने' काय करतो ते लिहा. नुसता अर्थ नको. उच्चार, वाक्यातली जागा आणि घोटाळा नेमका कुठे होतो, तेही येऊ द्या.

*

लांब कशाला, गुजरातीपासूनच सुरुवात करू. 'रामने चोपडी आपी' हे मराठी कानाला 'रामने पुस्तक दिलं' असं वाटतं. अर्थ बरोबर उलटा: पुस्तक रामला दिलं. देणारा राम असेल तर 'रामे चोपडी आपी'. म्हणजे गुजराती 'ने' दिसला की मनात 'ला' वाचायचं; 'मने' म्हणजे मला, 'तने' म्हणजे तुला. व्यवहारात पैसे कोणी कोणाला दिले हे ऐकताना याचा फटका बसतो.

शिवाय दोन शब्दांच्या मध्ये आला तर तो 'अने'चा तुकडा, म्हणजे 'आणि': 'चा ने नास्तो'. वाक्याच्या शेवटी आला तर आर्जव: 'बेसो ने', आपलं 'बसा ना'. तिन्ही जागा वेगळ्या, त्यामुळे जागा पाहिली की अर्थ कळतो.

*

हिंदीचं पण सांगून टाकते. मराठीत साधनालाही 'ने' लागतो, हिंदीत तिथे 'से'. 'चाकू ने काटा' म्हटलं तर चाकूच कर्ता होतो. आणि मराठीत 'मी आंबा खाल्ला' बिनप्रत्ययाचं चालतं, म्हणून हिंदीत 'मैं आम खाया' निघून जातं. तिथे 'मैंने' हवं.

*

ग्रीक. 'ने' म्हणजे हो. लिहिताना तीन अक्षरं, उच्चार आपल्या 'ने'सारखाच, थोडा आखूड. नाही म्हणजे 'ओही', आणि घाईत ते चक्क 'ओके'सारखं ऐकू येतं. म्हणजे होकार नकारासारखा आणि नकार होकारासारखा! दुकानात 'आहे का?' विचारल्यावर 'ने' ऐकून माणूस परत फिरतो ते यामुळे.

मान बघावी तर तिथेही गंमत. नकार देताना मान मागे जाते, भुवया वर, कधी जिभेने 'च्च'. तो 'च्च' मात्र आपल्याला लगेच कळतो, आपल्याकडेही नकारच. 'ओही' लक्षात ठेवायचा सोपा मार्ग: 28 ऑक्टोबरला ग्रीसमध्ये 'ओही दिवस' असतो, 1940 साली मुसोलिनीच्या निर्वाणीच्या मागणीला दिलेल्या नकाराचा.

*

ग्रीसची उत्तर सीमा ओलांडून बल्गेरियात आलात की 'ने' म्हणजे नाही, आणि हो म्हणजे 'दा'. वर मान: आडवी हलवली तर हो, उभी हलवली तर नाही. परदेशी माणसाशी बोलताना काही जण मुद्दाम आपली सवय उलटी करतात, त्याने गोंधळ दुप्पट. उपाय एकच, मानेकडे बघायचं नाही, शब्द ऐकायचा. किंवा प्रश्नच असा विचारायचा की उत्तर हो-नाहीत देता येणार नाही: 'ही बस तिकडे जाते का?' नको, 'तिकडे कोणती बस जाते?' विचारा.

*

चेकमध्येही 'ने' म्हणजे नाही. पण बोलताना 'नो' म्हणजे 'हं, हो'. इंग्रजीची सवय असलेला इथे हमखास फसतो.

*

कोरियनमध्ये 'ने' म्हणजे हो, पण तीन गोष्टी सांभाळा.

एक, सोलच्या बोलण्यात सुरुवातीचा 'न' इतका कोरडा होतो की 'दे' ऐकू येतं. वेगळा शब्द नाही, तोच आहे. दोन, सूर चढवून 'ने?' म्हटलं तर 'काय म्हणालात?'. फोनवर हा प्रश्न होकार समजून पुढे बोलत राहणं ही नेहमीची चूक. तीन, नकारार्थी प्रश्न. 'जेवला नाहीत?' याला 'ने' म्हटलं तर 'बरोबर, नाही जेवलो'. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, आपणही 'हो, नाही जेवलो' म्हणतोच. इंग्रजीतून कोरियन शिकणारे इथे अडकतात.

मोजताना 'ने' म्हणजे चार: 'ने गे' म्हणजे 4 नग, 'ने शी' म्हणजे 4 वाजता. नुसता आकडा म्हणायचा तर 'नेत्'.

*

पुण्यात जपानी शिकणारे बरेच, म्हणून हे. जपानी 'ने' वाक्याच्या शेवटी येतो, आपल्या 'ना'सारखा: 'आत्सुइ देस् ने', उकडतंय ना. पण जी माहिती फक्त तुम्हालाच आहे, तिला तो लावू नये. स्वतःचं नाव सांगून शेवटी 'ने' जोडलं तर समोरच्याने कशाला दुजोरा द्यायचा? नवी माहिती ठासून सांगायची तर 'यो'.

आणि बैठकीत लांबवलेला 'सो देस् नेऽऽ' हा होकार नव्हे. माणूस विचार करतोय, बहुधा अडचण आहे. त्यावर काम पक्कं झालं असं लिहून पाठवू नका.

*

ब्राझीलच्या पोर्तुगीजमधला 'ने' असाच शेवटी येतो. तो 'नांव् ए' (नाही का?) चा संक्षेप, जपानीशी नातं काही नाही.

*

चिनीचं रोमन लिपीतलं 'ने' बघून फसू नका. उच्चार 'नऽ' असा, आघाताविना. 'नी नऽ?' म्हणजे 'आणि तुम्ही?'. एखाद्या वस्तूला जोडून विचारलं तर 'कुठाय?'. हो-नाहीच्या प्रश्नाचा 'मा' वेगळा. दोन्ही एकत्र लावत नाहीत.

*

तुर्कीत 'ने' म्हणजे काय. 'ने झमान' म्हणजे केव्हा, यातला झमान तोच आपला जमाना. 'ने कदर' म्हणजे किती. तो कदरही आपल्या 'कदर'चा सख्खा, मूळ अर्थ माप. पण 'ने' दोनदा आला तर 'ना हे ना ते', आणि मग क्रियापद सहसा होकारार्थीच राहतं: 'ने चाय इचेरिम ने काहवे', ना चहा पितो ना कॉफी. शेवटचं क्रियापद ऐकून अर्थ लावणारा इथे हटकून चुकतो.

*

जर्मनमध्ये स्वराची लांबी ऐका. लांब, उतरत्या सुरात 'नेऽ' म्हणजे नाही. आखूड, चढत्या सुरात वाक्याच्या शेवटी म्हणजे 'हो ना?', हे जास्त करून उत्तरेकडे. नामाच्या आधी 'न' इतकाच पुसट आला तर तो 'आयने'चा तुकडा, म्हणजे 'एक'.

*

इटालियन राहिलं. तिथे 'ने' म्हणजे 'त्यातलं'. चीजच्या दुकानात 'क्वांतो ने वुओले?' म्हणजे 'यातलं किती हवं?'. उत्तर एत्तोमध्ये द्यायचं; 1 एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. 'दुए एत्ती' म्हटलं की 200 ग्रॅम मिळतं. पूर्ण वाक्य बोलायचं तर 'ने वोर्रेइ दुए एत्ती'. 'ने' गाळलात तर दुकानदार 'कशाचं?' म्हणून थांबतो.