विषय: ज्येष्ठांना सायकलवरून फिरवायला कोण येईल?

प्रेषक: सभासद, सायकल स्वयंसेविका

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या वृद्धनिवासातल्या आजी-आजोबांना मी सुट्टीच्या दिवशी सायकलवरून फिरवून आणते. तीन चाकांची ट्रायशॉ असते. पुढे दोघांना पुरेल असा बाक, डोक्यावर उघड-मीट होणारं हुड, आणि मागे चालवणारा. आपल्या मराठी मंडळातल्या काहींनी मला रस्त्यात पाहून विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटी एक मागणंही आहे.

या उपक्रमाची सुरुवात कोपनहेगनमध्ये २०१२ साली झाली. ओले कासो हे गृहस्थ सायकलने कामावर जायचे. वाटेत एका बाकावर ९७ वर्षांचे एक आजोबा शेजारी वॉकर ठेवून बसलेले त्यांना दिसायचे. ज्या देशात लहानपणापासून सगळे सायकलवर असतात, तिथे पाय थकले की माणसाचं रस्त्याशी नातंच तुटतं, हे कासोंच्या मनाला लागलं. त्यांनी सायकल रिक्षा भाड्याने घेतली आणि वृद्धनिवासात जाऊन विचारलं, कुणाला चक्कर मारायची आहे का? पुढे महापालिकेतल्या डोर्थे पेडरसन यांची साथ मिळाली आणि शहराने पहिल्या पाच सायकली घेतल्या. 'सायकलिंग विदाउट एज' हे त्या कामाचं नाव. आता ते तीसहून जास्त देशांत चालतं. केसांत वारा खेळवण्याचा हक्क सगळ्या वयाच्या माणसांना आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. चालवणाऱ्याला सगळीकडे 'पायलट' म्हणतात आणि पायलटला मानधन नसतं.

मी हे का लिहितेय? आमच्या निवासात एक मराठी आजी आहेत. स्मृतिभ्रंशामुळे इथली भाषा त्यांच्याकडून जवळजवळ गेली, मराठी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्यांना वाटायचं, त्या अबोल आहेत. पहिल्याच फेरीत समोरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला त्या 'ये रे इकडे, ये की' म्हणून हाक मारत होत्या. कुत्रे थांबले, की त्यांचे मालकही थांबायचे. मालकांना त्या कुत्र्याचं वय विचारायच्या, मी अर्थ सांगायचे, ते उत्तर द्यायचे. मोटारीतून जाताना हे कधीच झालं नसतं. ट्रायशॉ जेमतेम भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते आणि बसणारा सगळ्यांत पुढे असतो, म्हणून लोक त्याच्याशी बोलतात.

तर मागणं दोन प्रकारचं. मराठी बोलणारे पायलट हवे आहेत. आणि आपल्या मंडळात जे आई-वडील मुलांकडे राहायला किंवा काही महिन्यांसाठी आलेत, त्यांच्यापैकी कुणाला फेरी मारावीशी वाटत असेल तर कळवा.

---

प्रेषक: कार्यकारिणी

ताई, फार चांगलं काम करता आहात. कार्यकारिणीत सगळ्यांना कल्पना आवडली. पण मंडळाच्या नावावर करायचं तर काही गोष्टी आधी स्पष्ट व्हायला हव्यात. कुणी पडलं, लागलं, तर विमा कुणाचा? पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांच्या प्रवास विम्यात हे बसतं का? पायलटची पार्श्वभूमी तपासली जाते का? फोटो काढून ग्रुपवर टाकायचे का? आणि मुलांकडून एक फॉर्म भरून घ्यावा असं आमच्या मनात आहे, म्हणजे नावं पटापट गोळा होतील.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

स. न. वि. वि.

वरचा पत्रव्यवहार वाचला. तळमळीबद्दल शंका नाही. पण दोन गोष्टी मनात आल्या, त्या स्पष्ट लिहितो.

पहिली. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा मी पाहिलेली आहे. उन्हात घामाघूम झालेल्या माणसाच्या पाठीकडे बघत बसायचं, हे मला तरुणपणीही जमलं नाही, आणि आता माझ्या नातवाच्या वयाचं कुणी पायडल मारत असताना मी शाल पांघरून बसू? आम्ही दोघंही असल्या गाडीत बसणार नाही.

दुसरी. नावं मुलांकडून गोळा करायची, फॉर्म मुलांनी भरायचा. आमच्या फिरण्याबद्दल चर्चा चालली आहे आणि आमच्यापैकी कुणाला अजून कुणी काही विचारलेलं नाही. मुलाच्या घरी आल्यापासून डॉक्टरची वेळ, जेवणाची वेळ, कुठे जायचं ते, सगळं प्रेमानेच, पण दुसरं कुणीतरी ठरवतं. त्यात आणखी एकाची भर नको.

कळावे.

---

प्रेषक: सभासद, सायकल स्वयंसेविका

काका, नमस्कार.

तुमचा दुसरा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या दृष्टीने सगळं त्यावरच उभं आहे. मुलांनी परस्पर नाव द्यायचं नाही. फॉर्म असेल तर तो ज्याला बसायचं आहे त्याने भरायचा. हात थरथरत असेल तर सांगायचं, लिहून आम्ही घेऊ. वृद्धनिवासातही आम्ही हेच पाळतो. कर्मचारी म्हणतात, 'या आजींना घेऊन जा, त्यांना बरं वाटेल.' आम्ही आजींच्या समोर खाली बसून त्यांनाच विचारतो. नको म्हणाल्या तर नको. एक आजोबा कित्येक आठवडे नुसते दारापर्यंत यायचे, सायकलचे टायर दाबून हवा बघायचे आणि परत जायचे. आम्हाला त्यात काही कमी वाटलं नाही. पुढे एकदा ते आपणहून बसले.

फेरी सुरू झाल्यावरही तेच. डावीकडे की उजवीकडे, थांबायचं की नाही, बोलायचं की गप्प राहायचं, हे बसणाऱ्याने सांगायचं. ज्या माणसाचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालतो, त्याला अर्धा तास 'इकडे वळव' म्हणता येणं किती मोलाचं आहे, हे मला पुढे बसलेल्यांच्या पाठीवरून कळतं. सुरुवातीला खांदे आखडलेले असतात. एकदा त्यांनी सांगितलेल्या रस्त्याला सायकल वळली, की ते सैल होतात.

आता रिक्षाबद्दल. तुमची अस्वस्थता मला पूर्ण पटते आणि ती घालवायचा माझा हेतू नाही. फक्त इतकं सांगते, की इथे कुणाचं पोट या पायडलवर नाही. पायडल मारलं की बॅटरीवरची मोटर साथ देते, त्यामुळे दोघं बसलेले असले तरी चढावर दम लागत नाही. आणि पाठ पायलटची दिसत नाही, कारण तुम्ही पुढे असता. तुमच्या समोर फक्त रस्ता. पायलट तरुणच असतात असंही नाही, जगभर निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने हे काम करतात. तुम्ही रोज लांबवर चालायला जाता हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. बसायचं नसेल तर चालवायला शिका, मी मनापासून विचारते आहे.

शिकावं मात्र लागतं, कितीही सवयीचा सायकलस्वार असला तरी. दुचाकीवर वळताना आपण नकळत झुकतो. ही गाडी झुकत नाही, म्हणून वेगात वळलं तर आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. वळणाआधी वेग कमी करायचा, हे अंगात मुरेपर्यंत आम्ही रिकाम्या मैदानावर सराव करतो, मग एकमेकांना बसवून, आणि त्यानंतरच ज्येष्ठांना. पायलटने एकदा स्वतः पुढे बसून पाहिलंच पाहिजे. तिथे बसलं की रस्त्यातला छोटा खड्डासुद्धा किती मोठा लागतो ते कळतं. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाच्या मणक्याला तो नुसता लागत नाही, दुखावतो.

कार्यकारिणीसाठी: सायकली ज्या संस्थेच्या, तिचा उत्तरदायित्व विमा (कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) असतो आणि पार्श्वभूमीची तपासणीही तीच करते. आपण वेगळी सायकल घेण्याच्या फंदात न पडता त्यांच्याबरोबरच काम करावं, हे माझं ठाम मत आहे. प्रवास विम्याचं प्रत्येकाने आपापल्या कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं, तोंडी उत्तरावर राहू नये. फोटो बसणाऱ्याने हो म्हटलं तरच, आणि ग्रुपवर टाकायचा तर पुन्हा विचारून.

---

प्रेषक: सभासद

ताई, माझ्या सासूबाईंना विचारलं (त्यांनाच विचारलं!). मन आहे, पण भीती वाटते. त्या वॉकर घेऊन चालतात, कानाला मशीन आहे आणि थंडी जराही सोसत नाही. शिवाय त्या नेहमी साडीच नेसतात. काय करावं?

---

प्रेषक: सभासद, सायकल स्वयंसेविका

वहिनी, साडीबद्दल विचारलंत ते फार बरं केलं. बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांना चाकं असतात, त्यामुळे पदर, शाल, ओढणी, मफलरचं टोक, यातलं काहीही बाहेर लोंबता कामा नये. पदर कमरेला खोचायचा, वरून ब्लँकेट, आणि ब्लँकेटच्या कडा मांडीखाली दाबायच्या. बेल्ट ब्लँकेटच्या आतून लावायचा, वरून नाही, म्हणजे तो सैल राहत नाही. निघण्याआधी पायलटने दोन्ही चाकांशी वाकून बघायचं. मी प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा बघते.

थंडी पायलटपेक्षा बसणाऱ्याला जास्त लागते. मी पायडल मारून गरम झालेली असते, त्या स्थिर बसलेल्या असतात आणि वारा समोरून येतो. म्हणून माझ्या अंदाजाने कपडे ठरवायचे नाहीत, त्यांच्या हाताला हात लावून बघायचा. कानटोपी हवीच. वाऱ्यात कानाच्या मशीनमध्ये घोंघावतं, आणि पायलट मागे असल्याने ओठही दिसत नाहीत. त्यामुळे चालत्या सायकलवर मी फार बोलत नाही. डावीकडे वळायचं असेल तर डाव्या खांद्याला हलका स्पर्श, एवढं आधी ठरवून घेते. गप्पा रस्त्यातल्या एखाद्या बाकाशी थांबून, समोर येऊन.

चढणं-उतरणं सगळ्यांत सावकाश. हातब्रेक लावलेला, एक जण सायकल घट्ट धरून, दुसरा आजींच्या बाजूला. वॉकर बाकाच्या अगदी जवळ न्यायचा, त्यांनी पाठमोरं व्हायचं, बाकाची कड पायाला लागली की मग टेकायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही, कितीही घाई असली तरी. उतरताना पाय जमिनीवर टेकवून मिनिटभर तसंच बसू द्यायचं, कारण बराच वेळ बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. मधुमेह असेल तर जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा मला आधी सांगा. निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, आणि रस्ता ठरवताना वाटेत ते कुठे आहे हे पायलटला माहीत हवं. याच एका काळजीने कित्येक ज्येष्ठ घराबाहेर पडायचं टाळतात, आणि बोलत नाहीत.

भीती वाटत असेल तर पहिल्या दिवशी नुसतं उभ्या सायकलवर बसून बघू दे. शेजारच्या जागेवर तुम्ही बसा.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (यांच्या पत्त्यावरून, पण लिहिते मी)

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद,

यांनी वर 'आम्ही दोघंही बसणार नाही' असं लिहिलं आहे. ते मी आज वाचलं. त्यांचं मत त्यांच्यापुरतं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव लिहून घे.

मला मोटारीतून नेतात, नाही असं नाही. मुलगा-सून फार करतात. पण मोटारीत काच असते आणि मागे गाड्या असतात. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका घरापुढे कुणीतरी गुलाब लावलेत, पिवळे. दर वेळी वाटतं, जरा थांबावं, वास येतो का बघावं. पण 'इथे गाडी थांबवता येत नाही आई' असं असतं, आणि खरंच येत नसेल. चालत जायचं तर परत येताना गुडघे बोलतात, म्हणून एकटीला सोडत नाहीत. दोन वर्षं झाली, ते घर मी नुसतं जाता जाता बघते. त्या बाई बागेत असल्या तर त्यांना कलम कसं केलं ते विचारायचं आहे. भाषा तू सांभाळ.

यांना चालवायला शिकायचं असेल तर शिकू देत, परवापासून ब्रेकबद्दल काहीबाही वाचताहेत. पण माझी पहिली फेरी तुझ्याबरोबर.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तो पूर्ण वाकत नाही. चढताना पाय किती उचलावा लागतो ते मोजून कळव, आणि पाय लांब करून बसता येतं का तेही. सकाळी दहानंतर कधीही चालेल. गुरुवारी फिजिओथेरपी असते, तेवढा सोडून.