हेडफोनवर मिक्सिंग: स्पीकरचा आभास कितपत भरवशाचा?

मंद्रसप्तक
स्लेट व्हीएसएक्स, रिअलफोन्स किंवा वेव्हजचे ‘ॲबी रोड स्टुडिओ ३’ ही सॉफ्टवेअर हेडफोनमध्येच एखाद्या उत्तम स्टुडिओतील स्पीकर ऐकत असल्याचा आभास निर्माण करतात. घरी मिक्सिंग (गाण्यातील वेगवेगळे आवाज जुळवणे) करणाऱ्याने मॉनिटर (मिक्सिंगसाठीच्या) स्पीकरवर खर्च करण्याआधी हा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (भिंतींमध्ये आपोआप घुमणारा सूर) साधारण ५६ हर्ट्झला येतो आणि बास गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची असते. म्हणजे खोलीच्या मध्यावर बसणाऱ्याला तोच सूर जवळजवळ गायब झालेला वाटतो आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्याला तो अंगावर येतो. अशा खोलीत महागडे मॉनिटरही खोटेच बोलणार.

तिरकीट
खोलीचा दोष मान्य, परंतु उपाय पटत नाही. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि शिवाय कानाच्या पाळीची घडण त्याचा पोत बदलते. ही घडण प्रत्येकाची वेगळी. सॉफ्टवेअरमधले मोजमाप मात्र दुसऱ्याच कुणाच्या, बहुधा पुतळ्याच्या, डोक्यावर घेतलेले असते. त्यामुळे समोरचा गायक अनेकांना कपाळात किंवा टाळूवर बसून गात असल्यासारखा वाटतो. शिवाय आजचा बहुसंख्य श्रोता इअरफोनवरच ऐकतो. मग मध्ये स्पीकरचे सोंग कशाला? अंगवळणी पडलेला एक चांगला हेडफोन पुरेसा आहे.

मंद्रसप्तक
‘पुरेसा’ म्हणताना मधोमध ठेवलेल्या गायनाचा विचार राहून गेला. स्पीकरवर दोन्हींचा आवाज दोन्ही कानांत जातो आणि किंचित उशिरा येणाऱ्या आवाजामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज घटून खड्डा पडतो. नुसत्या हेडफोनवर तो पडत नाही, त्यामुळे गायन अधिक स्वच्छ ऐकू येते, आपण निर्धास्तपणे त्याची पातळी खाली आणतो, आणि गाडीत तेच गाणे लावल्यावर शब्द ढोलकीखाली दबलेले आढळतात. रिव्हर्बचेही (आवाजात मिसळलेल्या घुमाऱ्याचेही) तसेच.

खर्ज
वाद रंगला आहे, पण एक व्यवहाराची गोष्ट. हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) मास्टरवर, म्हणजे पूर्ण गाण्याच्या अंतिम मार्गावर, लावून ठेवले आणि निर्यात करताना बंद करायचे राहिले, तर तो आभास गाण्यातच कायमचा छापला जातो. रीपर या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये ‘मॉनिटरिंग एफएक्स’ आणि क्यूबेसमध्ये ‘कंट्रोल रूम’ याचसाठी आहेत; तिथे लावलेला परिणाम फक्त ऐकण्यापुरता राहतो. दुसरे म्हणजे, दर दोन मिनिटांनी आभासी खोली बदलू नये. कान एका खोलीला सरावण्याआधीच घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

तिरकीट
गायनाचा मुद्दा मी मान्य करतो, परंतु तेवढ्यासाठी क्रॉसफीड (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात मिसळणे) पुरते. बेंजामिन बाउर यांनी १९६१ मध्येच ते मांडले होते, आणि त्याला कुणाच्या कानाचे मोजमाप लागत नाही. राहिला खर्चाचा प्रश्न. त्याच पैशात रॉकवूलची (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीची) चार इंची पॅनेल भिंतींवर बसवावीत.

मंद्रसप्तक
चार इंची पॅनेल टाळीचा घुमारा कमी करतील, परंतु ५६ हर्ट्झचा तरंग सहा मीटरांहून लांब असतो, तो त्यांना दाद देत नाही. त्याला आवर घालायला कोपरे मजल्यापासून छतापर्यंत जाडजूड भरावे लागतात, आणि भाड्याच्या घरात ते कितीजणांना जमते? क्रॉसफीडवर मात्र माझा आक्षेप नाही. फक्त त्यात आभासी खोली नसते, आणि रिव्हर्ब किती ठेवावा हे ठरवायला मला ती लागते.