ऑगस्टा स्टेटचं २०१०: खरी झेप की मॅच प्लेची मेहेरबानी?

हिरवळ:
अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फमध्ये मला सर्वांत मोठा वाटणारा हंगाम ऑगस्टा स्टेटचा, २०१०चा. जॉर्जियातलं छोटं कॉलेज. बाकी सगळे खेळ डिव्हिजन टूमध्ये (कॉलेज खेळांची दुसरी श्रेणी), एकटं गोल्फ डिव्हिजन वनमध्ये (सर्वांत वरची श्रेणी). आणि त्यांनी राष्ट्रीय अंतिम फेरीत ओक्लाहोमा स्टेटला हरवलं! ओक्लाहोमा स्टेट म्हणजे या खेळातलं मोठं घराणं. कोणाला पटत नसेल तर सांगा.

मोजणी:
मला पटत नाही. जिंकले हे खरं, पण पद्धत बघा. २००८पर्यंत ७२ होलच्या एकूण फटक्यांवर, म्हणजे स्ट्रोक प्लेवर, विजेता ठरायचा. २००९पासून ५४ होलनंतर पहिले आठ संघ मॅच प्लेत (प्रत्येक होल वेगळं जिंकायचं, जास्त होल जिंकणाऱ्याचा सामना) जायला लागले आणि तिथे तीन लढती जिंकल्या की करंडक तुमचा. मॅच प्लेत एखाद्याने एका होलवर नऊ फटके घालवले तरी नुकसान त्या एका होलपुरतंच. स्ट्रोक प्लेत ते फटके शेवटपर्यंत मानेवर बसतात. वर्षभर सातत्याने खेळलेल्या संघावर हा अन्याय आहे.

हिरवळ:
अर्धीच बाजू मांडलीत तुम्ही. स्ट्रोक प्लेत पाच जण खेळतात पण चौघांचेच स्कोअर धरतात, सर्वांत वाईट स्कोअर गळून जातो. मॅच प्लेत पाचही सामन्यांचा गुण मोजतात. पाचव्या मुलाला लपायला जागाच नाही. संघातल्या सगळ्यांची ताकद कुठे जास्त तपासली जाते, सांगा बरं? आणि नशीबच म्हणायचं तर २०११चं काय? उपांत्य फेरीत पुन्हा ओक्लाहोमा स्टेट, तेही त्यांच्याच कार्स्टन क्रीक मैदानावर. तिथे त्यांना हरवून अंतिम फेरीत जॉर्जिया विद्यापीठालाही हरवलं.

दुसरी खेळी:
मला दोघांचंही थोडं खटकतंय. 'छोटं कॉलेज' हे जरा जास्तच रंगवलं जातं. पुरुषांच्या गोल्फला तेव्हा प्रत्येक संघासाठी साडेचार शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, मोठ्यांनाही तेवढीच. फुटबॉलसारखी दरी इथे नव्हती. शिवाय संघात पॅट्रिक रीड होता, जो पुढे २०१८मध्ये त्याच ऑगस्टा गावात मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला. जोडीला स्वीडनचा हेन्रिक नॉरलँडर. अशा मुलांना शोधून आणणं आणि टिकवणं, हे कोच जॉश ग्रेगरींचं काम मला करंडकापेक्षाही मोठं वाटतं.

मोजणी:
तेच तर म्हणतोय! रीडने त्या दोन वर्षांत मॅच प्लेचे सहाही सामने जिंकले. एका खेळाडूच्या जोरावर मिळालेल्या यशाला संघाची झेप कशी म्हणायची?

हिरवळ:
प्रत्येक लढतीत रीडचा गुण एकच हो. जिंकायला तीन लागतात. उरलेले दोन दर वेळी बाकीच्या चौघांनीच काढले ना? त्यांची नावं आज कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ह्यूस्टन विद्यापीठानंतर (१९८४ आणि १९८५) लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिलाच संघ.

मोजणी:
कार्स्टन क्रीकवरचा विजय मोठा होता, त्यावर वाद नाही. पण ह्यूस्टनशी तुलना नको. त्यांनी दोन्ही वेळा ७२ होलचे फटके मोजून जिंकलं होतं.

हिरवळ:
ठीक, तुलना मागे घेतो. २०१० मात्र नाही.