सोळाशे मीटर : राउंडले किती सेकंद धरू?

प्रश्न (दारव्ह्याकडचा): भाऊ, पोलीस भरतीची तयारी चालू हाय. सोळाशे ५:४० मध्ये निंघते. पूर्ण २० गुणांसाठी ५:१० पाहिजे. पहिला राउंड (४०० मीटरचा) ७० सेकंदात मारतो, शेवटचा ९५ वर जाते, पोटात कळ येते. राउंडले किती धरू?

उत्तर १: सोप्पं हाय. ५:१० म्हणजे ३१० सेकंद. चार राउंड, म्हणून ७७.५.

उत्तर २: गणित बरोबर, पण त्याले आज ७७.५ नको सांगू. गड्या, तुही सरासरी ८५ हाय. पहिल्यांदा ५:३० धर, म्हणजे ८२-८३. अन् पहिला राउंड ७० मध्ये काऊन पयतं बे? सारे पोट्टे शिट्टी वाजली की बैल उधळल्यावानी सुटतात. जाऊ दे त्याईले. तिसऱ्या राउंडात आपोआप सापडतात. खरा कस तिथंच लागते, शेवटच्यात तर कोनीबी जोर लावते. हप्त्यातून एकदा ४००-४०० चे चार तुकडे ७८ मध्ये मार, मधात दोन मिनिटं चाल.

प्रश्नकर्ता: आमचं शाळेचं मैदान २०० मीटरचंच हाय.

उत्तर २: मंग आठ राउंड. ५:३० साठी ४१ चा एक. पण टेपानं मोज, गाडीच्या मीटरवर भरोसा नको ठेवू. आतली कड धरूनच पय, बाहेरून गेला तं अंतर वाढते. अन् पयाच्या आधी पोटभर पोहे नको हाणू, कळ त्याचीबी असू शकते.