हार्मोन सुरू करायला मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी कशाला?

निशिगंध:
मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, वय २७, सातारा जिल्ह्यातला. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू करायचं म्हणून पुण्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो, तर पहिलाच प्रश्न, "मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणलीय?" त्या चिठ्ठीसाठी पाच खेपा झाल्या, दर खेपेला एक बिनपगारी रजा. तिसऱ्या वेळी सांगितलं, आईवडिलांची सही आणा. २७ वर्षांच्या माणसाला! सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नाल्सा निकालात म्हटलं, आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग ते तिऱ्हाइताने का तपासावं? सज्ञान माणसाकडे ही चिठ्ठी मागणं बंद व्हायला हवं.

सांजवात:
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सही मागणं चूकच, सज्ञान रुग्णाची संमती पुरते. पण नाल्सा निकाल ओळखीबद्दल आहे, औषधाबद्दल नाही. टेस्टोस्टेरॉनने आवाज एकदा घोगरा झाला की औषध थांबवूनही पूर्वीसारखा होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत कुणी घरातून हाकललेलं असतं, कुणाला नैराश्य असतं. चिठ्ठीच्या निमित्ताने तरी ते बोललं जातं.

निशिगंध:
बोललं जात नाही, डॉक्टर. चिठ्ठी अडेल या भीतीने मी लपवलं. महिनोन्महिने धड झोप नाही, आणि तिथे म्हटलं, छान लागते.

अबोली:
मी ट्रान्स स्त्री. चिठ्ठी मिळेना म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खायचे, दिवसाला चार-चार. त्यातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने रक्ताच्या गाठी होऊ शकतात हे पाय सुजल्यावर कळलं. म्हणून तपासणी हवीच, पण रक्ताची. टेस्टोस्टेरॉननेही हिमोग्लोबिन वाढतं, ते वरचेवर बघावं लागतं. चिठ्ठीपायी माणूस डॉक्टरांपासूनच लांब राहतो.

कोयनाकाठ:
मी एका ट्रान्स मुलीची आई. आम्हाला चिठ्ठी मिळायला सहा महिने लागले, आणि मला ते बरे वाटले. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं नसतं तर मी अजून तिला जुन्याच नावाने हाक मारत असते.

निशिगंध:
काकू, तुम्ही समजून घेतलंत, फार मोठी गोष्ट आहे. पण समजायला वेळ तुम्हाला हवा होता. तिची औषधं त्यासाठी का थांबावीत?

सांजवात:
ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेच्या आरोग्य पुस्तिकेसाठी डब्ल्यूपाथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे निकष धरले आहेत. त्याच संस्थेने निकषांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत शस्त्रक्रियेसाठीची तज्ज्ञांची दोन पत्रं एकावर आणली. मूल्यमापन मानसोपचारतज्ज्ञानेच करावं अशी अटही नाही. प्रशिक्षण घेतलेल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टने स्वतः केलं तर माझी हरकत नाही. मूल्यमापनच नको, हे मात्र मला पटत नाही.

निशिगंध:
एकाच दारात सगळं होणार असेल तर मीही तयार आहे. पण तसं आज होत नाही. शुक्रवारी माझी सहावी खेप. झोपेचं खरं सांगितलं तर चिठ्ठी अडेल का, एवढं सांगा.

सांजवात:
माझ्याकडे अडणार नाही. तुमच्या डॉक्टरांचं मी सांगू शकत नाही.